देशाची बातमी किती, जगाची किती? आंतरराष्ट्रीय वाहिनीच्या डेस्कवर निघालेल्या बेळगावच्या तरुणाला उत्तर

मूळचा खानापूर तालुक्यातला आणि सध्या बेळगावच्या एका केबल वाहिनीवर बातम्या करणारा एक तरुण दिल्लीतल्या एका इंग्रजी आंतरराष्ट्रीय वृत्तवाहिनीच्या आउटपुट डेस्कवर, म्हणजे बुलेटिन जुळवणाऱ्या विभागात, रुजू होतोय. त्याचे प्रश्न असे: अर्ध्या तासाच्या बुलेटिनमध्ये भारत किती टक्के ठेवायचा आणि जग किती? वाहिनी स्वतःला जागतिक म्हणवते, तरी लीडला, म्हणजे पहिल्या क्रमांकावर, दिल्लीचीच बातमी का दिसते? आणि आपल्या सीमाभागासारखा विषय तिथे कधी बसेल का?

आधी अभिनंदन. बेळगावात काम करताना तुम्ही मराठी बाजूची आणि कन्नड बाजूची पत्रकार परिषद एकाच दिवशी कव्हर केली असेल आणि दोन्हीकडची माणसं दुसऱ्या दिवशी तुम्हाला बाजारात भेटली असतील. ही सवय तिकडे फार कामाला येणार आहे, कशी ते पुढे सांगतो. मी आधी मराठी वृत्तवाहिनीत होतो, नंतर बरीच वर्षं एका आंतरराष्ट्रीय वाहिनीच्या आउटपुटला काढली. आता टिळकवाडीत असतो आणि पत्रकारितेच्या मुलांना शिकवतो.

टक्क्यांचा विचार डोक्यातून काढून टाका. भारताचा कोटा आणि जगाचा कोटा असं गणित सुरू झालं की कोटा भरण्यासाठी बातम्या घुसतात, आणि घुसवलेली बातमी प्रेक्षकाला लगेच कळते. मी प्रत्येक बातमीला तीन गोष्टी विचारायचो. या घटकेला आपल्याला कोण बघतंय? त्याला या विषयातलं आधीच किती ठाऊक आहे? आणि यातली कुठली गोष्ट त्याच्या जगण्याशी लागू आहे? देशातली बातमी जगाला सांगायची तर संदर्भ जास्त द्यावा लागतो, मिनिटं वाढवावी लागतातच असं नाही. जगाची बातमी देशाला सांगायची तर दुवा शोधावा लागतो, आणि दुवा नसेल तर नसल्यासारखीच ती सांगावी. तोल म्हणतात तो मला तरी इथेच सापडला.

आता घड्याळाकडे बघा. जगभरातल्या बहुतेक आंतरराष्ट्रीय वाहिन्या जीएमटीच्या (ग्रीनिच प्रमाणवेळेच्या) तासावर बातमीपत्र सुरू करतात आणि भारत जीएमटीच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून त्यांचं १५ वाजताचं बुलेटिन आपल्याकडे रात्री साडेआठला लागतं. त्या वेळी नैरोबीत संध्याकाळचे सहा, दुबईत सात, जकार्तात दहा आणि टोकियोत मध्यरात्र असते. न्यूयॉर्कचं ऑफिस नुकतं कुठे भरलेलं असतं. बेळगावच्या केबलवर साडेआठचा प्रेक्षक म्हणजे जेवणाच्या ताटावर बसलेला आपला माणूस, एवढंच आपण धरून चालतो. तिकडे तोच अर्धा तास एकाच्या दिवसाचा आरंभ असतो आणि दुसऱ्याच्या दिवसाचा शेवट. मला पहिले काही महिने ही गोष्ट अंगवळणी पडायला लागले.

एक खराच दिवस घेऊन दाखवतो, कारण हवेत बोलून हे काम कळत नाही. १८ ऑक्टोबर २०२३, बुधवार. वर्गात मी हाच दिवस देतो. आदल्या संध्याकाळी गाझातल्या अल-अहली रुग्णालयात स्फोट झालाय आणि तो कोणामुळे झाला यावर दोन परस्परविरुद्ध दावे आहेत. अमेरिकेचे अध्यक्ष बायडन तेल अवीवमध्ये पोहोचलेत. सुरक्षा परिषदेत ब्राझीलच्या ठरावावर अमेरिका व्हेटो वापरते. बीजिंगमध्ये शी जिनपिंग आणि पुतिन भेटतात. भारतात केंद्रीय मंत्रिमंडळ महागाई भत्ता ४ टक्क्यांनी वाढवतं, रब्बीचे हमीभाव जाहीर करतं. साखर निर्यातीवरचे निर्बंध ३१ ऑक्टोबरनंतरही पुढे चालू ठेवल्याची अधिसूचना निघते. समलिंगी विवाहावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आदल्याच दिवशी लागलाय. आणि क्रिकेटचा विश्वचषक भारतातच चालू आहे. आदल्या दिवशी धर्मशालेत नेदरलँड्सनं दक्षिण आफ्रिकेला हरवलंय.

अर्ध्या तासाच्या बुलेटिनमधून जाहिराती आणि प्रोमो वजा जाता हातात २३-२४ मिनिटं उरतात. देशी वाहिनीवर त्या दिवशी महागाई भत्ता वरच जाणार. लाखो घरांचा पगार वाढतोय, चूक काही नाही त्यात. आंतरराष्ट्रीय बुलेटिनमध्ये मी तो घेणार नाही, टिकरला (खाली सरकणाऱ्या पट्टीत) सुद्धा नाही. ती मोठी बातमी आहे, पण नैरोबीच्या माणसाला तिच्यात धरायला काही नाही.

गाझा आणि बायडन यांना पहिली नऊ-दहा मिनिटं जातील, त्यावर वाद नको. पण त्यातच एक भारतीय धागा आहे. इस्रायलमध्ये त्या वेळी सुमारे १८,००० भारतीय होते. त्यातले बरेच जण वृद्धांची सेवा करणारे काळजीवाहक, आणि १२ ऑक्टोबरपासून 'ऑपरेशन अजय'मधून लोक परत येत होते. देशी वाहिनी तिथून सुरुवात करेल. आंतरराष्ट्रीय वाहिनीनं तो भाग मधल्या जागी चाळीस सेकंदांत सांगावा, आणि सांगताना काळजीवाहकांवर थांबावं. इस्रायली घरातल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी माणसं भारतातून, फिलिपिन्समधून, श्रीलंकेतून आलेली आहेत, हे मनिलाच्या प्रेक्षकालाही आपलं वाटतं. इथे देशाचा धागा जगाच्या बातमीत नीट विणला जातो. 'युद्धात भारतीय अडकले' अशी वेगळी पट्टी लावून तो तोडू नये.

समलिंगी विवाहाचा निकाल हा याच्या उलट नमुना. बातमी देशाची, पण दोन मिनिटं द्यायच्या लायकीची. पाच न्यायाधीशांनी लग्नाचा मूलभूत हक्क नाही यावर एकमत केलं आणि नागरी सहजीवनाला मान्यता ३ विरुद्ध २ अशा मतांनी नाकारली. आशियात तोवर पूर्ण मान्यता फक्त तैवानमध्ये, २०१९ पासून. नेपाळमध्ये त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश आलेला. एवढं सांगितलं की दिल्लीतला निकाल आशियाची बातमी होतो. न्यायालयाच्या आवारातल्या वकिलांच्या घोषणा दाखवत बसलं तर तो दिल्लीतच राहतो.

आता साखर. इथे जरा रेंगाळतो, कारण ही आपल्या मातीतली बातमी आहे आणि त्या दिवशी बहुतेक ठिकाणी ती वीस सेकंदांत संपली. कर्नाटकात उसात बेळगाव जिल्हा आघाडीवर. चिकोडी, अथणी, निपाणीकडे गेलात तर हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगाच रांगा. १ जून २०२२ पासून केंद्रानं साखर निर्यात निर्बंधित केली. त्याच २०२१-२२ च्या हंगामात भारतानं साधारण ११० लाख टन साखर बाहेर पाठवली होती. इंडोनेशिया, बांगलादेश, संयुक्त अरब अमिरात, सुदान हे गिऱ्हाईक. मग २०२३ चा ऑगस्ट आला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. कर्नाटक-महाराष्ट्रातला ऊस वाळला, सप्टेंबरमध्ये कर्नाटक सरकारनं बहुतांश तालुके दुष्काळी जाहीर केले. तिकडे न्यूयॉर्कच्या बाजारात कच्च्या साखरेचा भाव बारा वर्षांतल्या उच्चांकावर गेला.

देशी डेस्कवर या बातमीची पहिली ओळ अशी लिहितात: 'सणासुदीत साखर महागू नये म्हणून केंद्र सरकारनं निर्यातीवरचे निर्बंध कायम ठेवले.' भारतीय प्रेक्षकासाठी ही ओळ बरोबर आहे. आंतरराष्ट्रीय डेस्कवर तीच इंग्रजीत उतरवून टाकली तर ढाक्याच्या प्रेक्षकाला ती कोणा परक्या सरकारची घरगुती बाब वाटेल. मी अशी लिहिली असती: 'ढाक्यापासून खार्तुमपर्यंत साखर महागच राहण्याची चिन्हं आहेत. जगातल्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक असलेल्या भारतानं निर्यातीचे निर्बंध वाढवले आहेत. ऊस पिकवणाऱ्या त्याच्या राज्यांत या वर्षी पावसानं पाठ फिरवली.' मग पहिला शॉट अथणीतल्या वाळलेल्या उसाचा, दुसरा ढाक्यातल्या किराणा दुकानाचा. बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची बोलणी, दोन: इथला शेतकरी आणि तिथला दुकानदार. मंत्र्याचा बाइट नको, त्याचं म्हणणं अँकरच्या एका वाक्यात येतं. चित्रं आणि बाइट जोडून केलेल्या या पॅकेजला दीड मिनिट पुरतं. ते देशाच्या खात्यात टाकायचं की जगाच्या, हा प्रश्नच उरत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. लीडला दिल्लीच का येते, याला संपादकाची आवड हे एकच कारण नाही. पैसा कुठून येतो ते बघा. बीबीसीची ब्रिटनमधली वृत्तवाहिनी टीव्हीच्या परवाना शुल्कावर चालायची, तर बीबीसी वर्ल्ड न्यूज जाहिराती आणि वर्गणीवर. एप्रिल २०२३ मध्ये दोन्ही एकत्र करून एकच वाहिनी केली आणि ब्रिटनमध्ये मोठी घटना घडली तर तिथल्या प्रेक्षकांना वेगळं प्रक्षेपण देण्याची सोय ठेवली. खर्च वाचतो, पण कुठली घटना घरगुती आणि कुठली जगाची हे ठरवण्याचं ओझं रोज डेस्कवर येतं. सीएनएन इंटरनॅशनल हीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेनं करते: अमेरिकेत काही पेटलं की अमेरिकेतल्या सीएनएनचं प्रक्षेपण जसंच्या तसं जगाला दिसू लागतं. ६ जानेवारी २०२१ ला, वॉशिंग्टनमध्ये संसदेवर जमाव चालून गेला तेव्हा ते योग्यच होतं. पण अमेरिकेतल्या रोजच्या राजकीय चर्चाही त्याच वाटेनं आपल्याकडे पोहोचतात.

अल जझीरा इंग्लिश नोव्हेंबर २००६ मध्ये सुरू झाली ती दोहा, क्वालालंपूर, लंडन आणि वॉशिंग्टन अशी चार केंद्रं घेऊन. लीड एकाच शहरातून ठरू नये हा त्यामागचा विचार मला आजही पटतो, पण चार न्यूजरूम पोसायला खिसा खोल लागतो. सरकारी पैशावर चालणाऱ्या वाहिन्यांचं दुखणं निराळं. तिथे प्रश्न मिनिटांचा नसतो, स्वतःच्या सरकारवरची टीका किती सरळ सांगता येते याचा असतो. आपल्याकडे दूरदर्शनची डीडी इंडिया आहे, २०१६ मध्ये खासगी क्षेत्रातून विऑन आली. दोघींनाही भारताची नजर जगाला द्यायची आहे. ही गरज खरीच आहे. १९८० च्या युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाच्या अहवालात बातम्यांचा प्रवाह श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे एकतर्फी वाहतो अशी तक्रार होती आणि त्या आयोगावर आपले पत्रकार बी. जी. वर्गीस होते. मात्र नजर देणं आणि दिल्लीचं राजकारण जगाला ऐकवणं यांत अंतर आहे, ते तुम्ही डेस्कवर बसून राखायचं.

पैशाइतकाच जोर चित्रांचा. टीव्हीवर चित्र नसलेली बातमी खाली सरकत जाते आणि शेवटी गळते. रॉयटर्स आणि एपी या वृत्तसंस्थांची व्हिडिओ फीड दिवसभर येत असते. त्यात जे नाही ते बहुतेक वाहिन्यांवर नाही. फीडसोबतच्या शॉटलिस्टच्या (चित्रांच्या यादीच्या) माथ्यावरच्या अटी वाचायची सवय लावून घ्या, कुठल्या देशात कुठलं चित्र दाखवायला मनाई आहे ते तिथे लिहिलेलं असतं. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ ला युद्ध पेटलं, लाखो माणसं घरं सोडून पळाली, पण पत्रकारांना आत जाणं कठीण, इंटरनेट वारंवार बंद, म्हणून चित्रं कमी आणि म्हणून बातमी लहान. त्याच वर्षी जूनमध्ये ग्रीसच्या किनाऱ्याजवळ स्थलांतरितांची बोट बुडाली. अंदाजे ७५० माणसं होती, वाचली १०४. चारच दिवसांनी टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेली पाणबुडी बेपत्ता झाली, त्यात पाच जण. पाणबुडीला प्राणवायूचं घड्याळ होतं, शोधजहाजांची थेट चित्रं होती, तज्ज्ञ स्टुडिओत बसलेले होते. बोटीत पाकिस्तानातली, इजिप्तमधली, सीरियातली पोरं होती, त्यांच्या गावात कोणाचा कॅमेरा नव्हता. डेस्कवर असलेल्या प्रत्येकाला त्या आठवड्यात हे दिसत होतं आणि तरीही मिनिटं पाणबुडीकडे गेली. अशा वेळी तुम्ही उठून बोललं पाहिजे. गुजरातमधल्या त्या पाकिस्तानी गावात स्ट्रिंगर (कामापुरता बातमीदार) शोधा, फोनवर चित्रित केलेला बाइट मागवा. (हो, पाकिस्तानी पंजाबातही गुजरात नावाचा जिल्हा आहे. बोटीवरची कित्येक पोरं तिथली होती.)

कधी देशी बातमीनं सगळं बुलेटिन व्यापणंच बरोबर असतं. १ जानेवारी २०२४ ला जपानमध्ये नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला तेव्हा एनएचके वर्ल्डनं इंग्रजीत त्सुनामीचे इशारे द्यायला सुरुवात केली. जपानी न कळणारे कामगार, विद्यार्थी, पर्यटक किनाऱ्यावर होते. त्यांच्यासाठी ती जीव वाचवणारी माहिती होती. २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ वारली, ८ सप्टेंबरला, आणि अंत्यविधी १९ ला झाला. पहिले दोन दिवस जगानं ते बघणं समजू शकतो, अनेक देशांची ती राष्ट्रप्रमुख होती. पुढे दर्शनाच्या रांगेचं तासन् तास चित्रण चालू असताना पाकिस्तानचा मोठा भाग पुराच्या पाण्याखाली होता आणि १६ ला इराणमध्ये हिजाबवरून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनीचा मृत्यू झाला.

शंका आली की मी देशाचं नाव बदलून बघायचो. हीच बातमी, हेच चित्र, पण भारताऐवजी पेरूमध्ये घडलं असतं तर मी ती या जागी घेतली असती का? आणि उलटही: पेरूमधली ही घटना भारतात घडली असती तर मी तिला एवढीच जागा दिली असती का? दोन्ही उत्तरं प्रामाणिकपणे 'हो' आली की पुढे जायचं.

आता सीमाभाग. बसेल, नक्की बसेल, पण आपल्याला हवा त्या दिवशी आणि हवा तसा नाही. ६ डिसेंबर २०२२ आठवा. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकवर दगडफेक झाली आणि पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं. मराठी वाहिन्यांवर प्रामुख्यानं ट्रक, कन्नड वाहिन्यांवर प्रामुख्यानं बस. आपल्या बेळगावात एकाच रिमोटवर दोन्ही दिसतात, म्हणून आपल्याला हे लवकर कळतं. गणपत गल्लीत त्या आठवड्यात एक दुकानदार मला म्हणाला, "सर, दोघंबी आपापलं तेवढंच दाखवायलेत बघा, आमचं धंदा बसलंय ते कोण दाखवंना." आंतरराष्ट्रीय बुलेटिनला त्या दिवशी चाळीस सेकंद द्यावेत: ट्रक आणि बस दोन्ही, आणि खाली पार्श्वभूमी. ही पार्श्वभूमी मी अशी लिहून ठेवली होती:

'कर्नाटकच्या वायव्येकडच्या बेळगाव आणि आसपासच्या भागावर शेजारच्या महाराष्ट्राचा दावा आहे. १९५६ मध्ये भारतात भाषेच्या आधारे राज्यांची फेररचना झाली, तेव्हा मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेला हा भाग त्या वेळच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. कर्नाटक १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल अंतिम मानतं. महाराष्ट्राला तो मान्य नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.'

साधारण पन्नास शब्द, म्हणजे वाचायला पंचवीस-तीस सेकंद. यात सीमालढ्यातले १७ जानेवारीचे हुतात्मे नाहीत, १९८६ चं कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन नाही. मराठी माणूस म्हणून ते गाळताना माझा हात थबकला होता. त्यांची जागा पॅकेजमध्ये, माणसांच्या तोंडून. असं पॅकेज दगडफेकीच्या दिवशी करू नका, शांत दिवशी करा. १ नोव्हेंबर निवडा: एकाच शहरात एका बाजूनं कर्नाटकच्या स्थापनेच्या राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या बाजूनं मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी. आणि जगाशी दुवा हवा असेल तर तो बेल्जियममध्ये तयार आहे. व्हुरेन नावाचा छोटासा टापू १९६३ मध्ये फ्रेंच भाषक लिएज प्रांतातून काढून डच भाषक लिम्बुर्गला जोडला, आणि त्याच वादात १९८७ मध्ये बेल्जियमचं सरकार पडलं. ब्रसेल्सच्या प्रेक्षकाला बेळगाव समजावून सांगावं लागणार नाही, व्हुरेनची आठवण दिली की पुरे.

एक मात्र पाळा. या विषयावर लिहाल तेव्हा आपण सीमाभागातले मराठी आहोत हे डेस्कला आधीच सांगा आणि कॉपी (लिहिलेली बातमी) प्रक्षेपणाआधी एका कन्नड सहकाऱ्याच्या नजरेखालून घाला. कन्नड सहकाऱ्यानं लिहिलेली कॉपी तुम्हीही तशीच बघा. दोघांनाही ज्या वाक्यावर आक्षेप नाही तेच वाक्य जगासमोर जाऊ द्या.

आणि परदेशात आपला माणूस सापडला की लगेच तेवढंच घेऊन बसू नका. १ मार्च २०२२ ला खार्किव्हमध्ये हावेरी जिल्ह्यातला वैद्यकीय विद्यार्थी मारला गेला, तेव्हा आपल्या वाहिन्यांनी दिवसभर त्याचं घर दाखवलं. ते दुःख खरं होतं. पण जगाच्या प्रेक्षकाला पडणारा प्रश्न होता की भारतातली हजारो मुलं डॉक्टर व्हायला युक्रेनला का जातात. त्याचं उत्तर आपल्या सरकारी महाविद्यालयांतल्या जागांत आणि खासगी महाविद्यालयांच्या फीमध्ये आहे. घराच्या चित्रानंतर ते दोन वाक्यांत सांगायला हवं होतं.

रात्रपाळी शांत असते, ती वाया घालवू नका. भारतातल्या वीस-पंचवीस विषयांच्या पन्नास शब्दांच्या पार्श्वभूमी लिहून स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा: हमीभाव, नीट, आरक्षण, काश्मीर, ईशान्येकडचे प्रश्न. बातमी फुटल्यावर लिहायला बसलात तर पक्षाचं पत्रकच उतरवलं जाईल. सुरुवात म्हादईपासून करा. ती तुमच्याच खानापूर तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात समुद्राला मिळते. तिच्या पाण्यावर तीन राज्यांचा दावा, २०१८ चा लवादाचा निवाडा, पाणी वळवण्याचा कर्नाटकचा कळसा-भांडुरा प्रकल्प आणि गोव्याचा विरोध. दिल्लीला जाण्याआधी हे पन्नास शब्दांत बसवा आणि मला पाठवा, मी लाल पेन घेऊन बघतो.